माथ्यावरचा आडोसा

आमच्या गावाच्या वर जो डोंगर आहे, त्याला सरकारी नकाशात काय नाव आहे ते मला आजही माहीत नाही. गावात त्याला नुसतं माथा म्हणतात. अभयारण्यातलं सगळ्यात उंच ठिकाण तेच. हल्ली पावसाळा सरला की धाराशिवची, बार्शीची पोरं रविवारी मोटारसायकली घेऊन येतात, फाटकावर पावती फाडतात, रंगीत बूट घालून वर चढतात आणि हात पसरून फोटो काढतात. काढा बाबांनो, काढा. माझी माय अकरा उन्हाळे हा डोंगर रोज चढली, पायात टायरची चप्पल घालून, आणि तिचा तिथला एकही फोटो नाही.

रोज म्हणजे रोज. होळीच्या आधीपासून मिरगाचा पाऊस पडेपर्यंत अभयारण्यातलं गवत वाळून खडखडीत झालेलं असतं. कुणी बिडीचं थोटूक टाकलं तरी बघता बघता अख्खी उतरण काळी होते. म्हणून त्या दिवसांत माथ्यावर एक माणूस बसवायचे. त्यानं सकाळी वर जायचं, दिवस बुडायला खाली यायचं, आणि मधल्या वेळात चारी बाजूंना नजर ठेवायची. धूर दिसला की पत्र्याचा डबा बडवायचा. थांबून थांबून एकेक ठोका म्हणजे जाळ गावाच्या अंगाला, दोन दोन ठोके म्हणजे रेल्वेच्या अंगाला, आणि सारखा बडवला म्हणजे असाल तसे पळत या. तेव्हा मोबाइल कुणाकडं होते?

हे काम मिळालं होतं माझ्या वडिलांना, आबांना. हजेरीपटावर नाव त्यांचंच. ते दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी अर्ध्या वाटेवरून परत आले आणि म्हणाले, घेरी येते. आबांना उंचावर घेरी यायची हे खरं होतं. ते विहिरीत वाकून बघायचे नाहीत, घराच्या पत्र्यावर कधी चढले नाहीत. पण ही गोष्ट चारचौघांत कबूल करायची म्हणजे मरण. मग माय म्हणाली, तुम्हाला बरं वाटेस्तोवर म्या जाते. वनरक्षकाला कळलं तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला. बाईमाणूस माथ्यावर एकटी बसवली म्हणून मलाच जाब विचारतील, म्हणाला. पण काम चोख व्हायला लागलं, तसा तोही गप झाला. पटावर आबांचं नाव आणि माथ्यावर माय, असं ठरून गेलं. ठरवलं कुणीच नाही.

आबा वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगते. त्यांनी मायवर कधी हात उगारला नाही, दारू कधी घरात आणली नाही. दिवसा मजुरीला जायचे, आणि संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर बसून साऱ्यांना पेपर वाचून दाखवायचे. आवाज असा की रस्त्यानं जाणारा थांबून ऐकायचा. बोलणं हाच त्यांचा जीव होता. मायला बोलायचं वळण नव्हतं. ती दिवसभर वर गप बसायची आणि घरी येऊनही गपच असायची.

पहिल्याच उन्हाळ्यात तिनं वर आडोसा बांधला. माथ्यावर चैत्रात वारा असा सुटतो की डोळ्यांत कुसळं जातात आणि तोंड भाजून निघतं. तिथलेच दगड वेचून तिनं गुडघ्याएवढ्या उंचीपासून सुरुवात केली आणि बसून बसून अंदाज घेत भिंत चढवली. खाली बसलं की हनुवटीपर्यंत आडोसा, डोळे तेवढे वर. वारं अंगाला लागायचं नाही आणि नजर कुठं अडायची नाही. सुट्टीच्या दिवशी मी तिच्यासोबत जायची. दोन-चार उन्हाळ्यांत मी तिच्याच उंचीची झाले. आम्ही दोघी खेटून बसलो की त्यात तिसऱ्याला जागा नव्हती. तिनं मला धूर ओळखायला शिकवलं. वीटभट्टीचा काळा आणि जाड, एका जागी उभा राहतो. गुऱ्हाळाचा पांढरा. कुणी उसाचं पाचट पेटवलं तर पिवळट, आणि तो पटकन चढून पटकन विरतो. गवताचा धूर निळसर असतो आणि तो सरकतो. सरकणारा धूर दिसला की डबा घ्यायचा. मला आजही कुठं धूर दिसला की मी आधी तो सरकतोय का ते बघते.

आणि मग जाळाचा दिवस. मी तेव्हा शाळेत होते, सहामाही वगैरे नव्हती, वार्षिक परीक्षा चालू होती एवढं आठवतं. रेल्वेच्या अंगानं जाळ लागला. मायनं डबा बडवला, आधी दोन दोन ठोके, मग सारखा. खाली गावात त्या दिवशी लग्न होतं आणि बँड वाजत होता. डबा कुणाला ऐकू गेला नाही. ती वरून एकटी उतरली. धावड्याची हिरवी फांदी तोडून गवत झोडपत राहिली. वारा मधेच पडला म्हणून, नाहीतर माय त्या दिवशी घरी आलीच नसती. वनरक्षक आणि चार माणसं पोचली तोवर तिनं कड विझवली होती. तिचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला. घरी आली तेव्हा लुगड्याचा काठ जळून गेला होता आणि भुवया नव्हत्या. मी हात धुताना ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली की, त्या कडेला लांडोरीची अंडी होती, ती वाचली.

ही गोष्ट तिनं आयुष्यात एवढीच सांगितली. मला, त्या दिवशी, हात धुताना.

काही वर्षांनी बातमी आली की जुन्या रोजंदारी मजुरांना कायम करणार. आमच्या घरात जीव आला. आबांचं नाव यादीत होतं. त्याच आठवड्यात गावातल्या कुणीतरी अर्ज ठोकला की हा इसम माथ्यावर कधी चढलेलाच नाही, काम दुसऱ्यानंच केलं आहे. अर्ज देणाऱ्याच्या मनात काळं होतं, पण अर्जातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. वनखात्याचे साहेब स्वतः येऊन खातरजमा करणार, आबांना घेऊन माथ्यावर जाणार आणि तिथं काय काय कुठं आहे ते विचारणार, असा निरोप आला.

मी म्हणाले, माय, खरं सांगून टाकू. तुझं नाव लागेल.

माय माझ्याकडं बघतच राहिली. "माझं नाव कुठंच न्हाय, बाई. त्यांचं निदान कागदावर तरी हाय. हाय त्येच धरून चालावं."

मला राग आला. खरं सांगितलं असतं तर आबांचं नाव कटलं असतं आणि तिचं लागलंही नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं. धाकटा भाऊ लहानपणापासून आजोळी राहून शिकत होता, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. पत्र्याचं घर पावसाळ्यात गळत होतं.

मग आमच्या अंगणात शाळा भरली. चार दिवस, दिवे लागायच्या आधी. मायनं अंगणात राखेनं डोंगर काढला. ही वाट, इथं तरवडाची दाटी, इथनं डावीकडं वळायचं, उजवीकडची वाट चांगली दिसते पण ती कड्यावर जाऊन संपते. इथं दम घ्यायचा, इथं सपाट धोंडा आहे. वर गेलं की तोंड अमुक बाजूला केलं की साखर कारखान्याचं धुराडं, त्याच्या डाव्या हाताला रेल्वे, पाठीमागं तुळजापूरकडचा डोंगर, हवा साफ असली तरच दिसतो. धुराचे रंग. डब्याचे ठोके. आबांनी म्हणायचं आणि मी वही धरून चुका काढायच्या. आबांची पाठांतराची हातोटी दांडगी, दोन दिवसांत त्यांनी सगळं मुखोद्गत केलं. तिसऱ्या दिवशी ते मायपेक्षा चांगलं सांगायला लागले. मधे मधे हात फिरवायचे, थांबायचे, आवाज खाली आणायचे. माय चुलीपाशी बसून ऐकत होती. मला वाटतं, आपला डोंगर एवढा देखणा आहे हे तिला तेव्हाच पहिल्यांदा ऐकायला मिळालं असावं.

चौथ्या दिवशी ती आबांना म्हणाली, "सगळं सांगा. जाळाचं तेवढं सांगू नका. तेवढं माझं राहू द्या."

आबा म्हणाले, अगं, मी कशाला सांगतोय ते.

परीक्षेच्या दिवशी मी पाण्याचं कॅन घेऊन सोबत गेले. माझ्यावर काम एकच, आबांची घेरी साहेबांच्या लक्षात येऊ द्यायची नाही. मी त्यांच्या उताराच्या बाजूनं चालले, त्यांना खाली दरी दिसू नये म्हणून. ते घामानं डबडबले होते, तरी तोंड चालू होतं. तरवडाची दाटी आली, त्यांनी सांगितलं. सपाट धोंडा आला, त्यांनी साहेबांना बसायला लावलं. वर पोचल्यावर त्यांनी डोळे दूरवर लावले आणि एकेक दाखवायला सुरुवात केली. साहेब तरुण होते, मन लावून ऐकत होते. त्यांनी आबांना आडोशात बसायला सांगितलं. आबा सहा फुटी. ते बसले, तर खांदे भिंतीच्या वर आणि वाऱ्यानं केस उडतायत. मायचा आडोसा त्यांच्या काखेपर्यंत आला. आंधळ्यालाही कळलं असतं की हा या माणसाच्या मापाचा नाही. साहेबांना कळलं नाही. त्यांनी डबा वाजवून दाखवायला सांगितला, आबांनी वाजवला. माय नंतर म्हणाली, खालून ऐकताना वाटलं कुणी कुत्र्याला धोंडा मारतंय.

साहेब समाधानानं वही मिटत होते. काम झालं होतं. तिथंच थांबायचं होतं की हो आबा! पण समोर ऐकणारा माणूस असला की त्यांना थांबता येत नसे. ते म्हणाले, "साहेब, एका साली रेल्वेच्या अंगानं जाळ लागला होता बघा."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. लग्नाचा बँड, धावड्याची फांदी, पडलेला वारा. लांडोरीची अंडीसुद्धा. ही अंडी मी त्यांना सांगितली होती, बालिशपणानं, कधीतरी. साहेबांनी विचारलं, तुम्हाला कुठं भाजलं का? आबांनी सदऱ्याच्या बाहीनं कपाळ पुसलं. मग म्हणाले, "मला न्हाय. आमची मंडळी भाकर घेऊन वर आली होती, तिचा हात भाजला."

मी कॅनचं झाकण लावत होते. बोलायला तोंड उघडलं असतं तर आबांची नोकरी गेली असती. मी झाकण घट्ट लावलं. खाली उतरताना आबा माझ्याकडं बघत नव्हते. घरी मायनं विचारलं, जाळाचं तर न्हाय ना सांगितलं? ते म्हणाले न्हाय, आणि तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मीही न्हाय म्हणाले.

आबा कायम झाले. त्यांना पायथ्याच्या रोपवाटिकेत काम मिळालं, रोपांना पाणी घालायचं. माथ्यावर बसायला नवीन माणूस आला. मायचं वर जाणं एका दिवसात बंद झालं. त्या उन्हाळ्यात ती सकाळी उठून भाकरी बांधायची आणि मग आठवण आल्यावर सोडायची. घरावर स्लॅब पडला. भाऊ शिकला, नोकरीला लागला. मी नर्स झाले. हे सगळं तिच्या पायांवर उभं राहिलं आणि त्या घरात तिला कुणी एका शब्दानं विचारलं नाही. मीसुद्धा नाही. मी रागावायची ती आबांवर, तेही मनातल्या मनात, आणि पगार झाला की त्यांच्यासाठीच सदऱ्याचं कापड न्यायची.

आबांनी जाळाची गोष्ट पुढं वीसेक वर्षं सांगितली. परगावच्या विहारांत, लग्नांत, सोयरिकीच्या बैठकीत, माझ्या सासरच्या माणसांसमोर. पहिल्यांदा ती मायच्या कानावर पडली ती त्यांच्या निवृत्तीच्या सत्कारात. मंडपात, माइकवर. मी तिच्या शेजारी बसले होते. भाकर घेऊन वर आली होती, हे वाक्य आलं तेव्हा बाहेरगावच्या बायका तिच्याकडं कौतुकानं बघायला लागल्या. तिनं डाव्या हातावर पदर ओढला. मला वाटलं आता ही उठेल. ती उठली नाही. सत्काराची शाल आबांनी मोठ्या मनानं तिच्या खांद्यावर घातली तेव्हा टाळ्या पडल्या. घरी आल्यावर तिनं शाल घडी करून ट्रंकेत ठेवली आणि मला एवढंच विचारलं की, साहेब आलते तवा तू वर होतीस ना? मी हो म्हणाले. त्यानंतर बरीच वर्षं ती माझ्याशी नीट बोलायची, जेवू घालायची, बाळंतपण केलं, पण आधीसारखं खेटून कधी बसली नाही.

आणि आबांचं म्हणाल, तर शेवटी शेवटी त्यांना ते खरंच वाटायला लागलं होतं. हे मला सगळ्यात जास्त झोंबतं. खोटं बोलणाऱ्या माणसाशी भांडता येतं. दवाखान्यात त्यांचा हात हातात घेऊन मी बसले होते, तर ते म्हणाले, माथ्यावर वारं लई होतं गं, पण सवय झाली होती मला. मी पांघरूण सारखं केलं.

गेल्या वर्षी त्यांना जाऊन वर्ष झालं. पुण्यानुमोदनाला पाहुणे जमले, वंदना झाली, जेवणं उरकली, आणि भावानं सांगितलं की संध्याकाळच्या आत सगळ्यांनी माथ्यावर जायचं, आबांच्या आडोशाचं दर्शन घ्यायचं. वनखात्याची परवानगी त्यानं काढली होती. मायचे गुडघे गेलेत, ती पायथ्याला चिंचेखाली थांबली. जाताना तिनं माझा हात धरला. किती वर्षांनी धरला असेल. "आडोसा हाय का पडला, तेवढं नीट बघून ये," म्हणाली.

आडोसा होता. दोन दगड निखळले होते, बाकी जसाच्या तसा. पाहुण्यांनी फोटो काढले. मग भाऊ त्यात बसून बघायला लागला. तोही आबांसारखा उंच. बसला तर खांदे बाहेर. लोक हसले. भाऊ म्हणाला, आबा बिचारे वाकून बसत असतील सगळा दिवस, काय हाल काढले असतील माणसानं. कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी आलं. मग भावालाच सुचलं की आलोच आहोत तर भिंत जरा उंच करू, आबांच्या मापाची. हौसेनं सगळे दगड गोळा करायला लागले.

तेव्हा सांगायचं होतं. आता आबा नव्हते, नोकरी नव्हती, कुणाचं काही बुडणार नव्हतं. मी जाऊन त्या आडोशात बसले असते तरी पुरे होतं. हनुवटीपर्यंत भिंत आणि डोळे वर, सगळ्यांना दिसलं असतं. पण पाहुण्यांसमोर, वर्षश्राद्ध म्हणा की काय म्हणा त्या दिवशी, भावाचे डोळे भरून आलेले असताना, मी त्याच्या बापाचं हे काढणार होते का? माझ्या पायाशी एक चपटा दगड होता. भावानं हात पुढं केला. मी तो उचलून दिला. मग आणखी एक. बघता बघता दोन थर चढले.

खाली आले तेव्हा माय चिंचेखाली तशीच बसली होती, तोंड माथ्याकडं. बाकीचे चहाला गेले. मी तिच्याजवळ टेकले.

"हाय का?" तिनं विचारलं.

"हाय. पडला न्हाय. उंच केला त्यांनी, दोन थर."

"कुणी?"

"सगळ्यांनी मिळून."

"तू?"

"मी दगड दिले."

तिनं मान हलवली. डावा हात मांडीवर उताणा ठेवला होता, त्यावरची कातडी अजून कागदासारखी चुरगळलेली दिसते. वर बघतच, हिशेबी माणसानं कामाचं बोलावं तसं ती म्हणाली,

"मग आता त्यात म्या बसले तर मला काय दिसायचं न्हाय."